दोन पेट्या की सहा?

गेल्या वर्षी रमजान ईदच्या आधी आमच्या घरात एक वाद पेटला. मुलाला पहिला बोनस मिळाला होता आणि त्याला होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचा होता. मला हवा होता साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर. पैसे त्याचे, दिवाणखाना माझा! तो म्हणे, सिनेमातला पाऊस डोक्यावर पडला पाहिजे. मी म्हणे, गाणारा समोर येऊन बसला पाहिजे.

माझ्या हट्टाला कारण होतं. माझ्यापाशी अब्बांची एक कॅसेट आहे. १९८४ साली टू-इन-वनच्या माइकवर मीच भरलेली. अब्बा शेख महंमदांचे अभंग म्हणताहेत आणि मागे अम्मीची भांडी वाजताहेत. दोन वर्षांनी अब्बा गेले. त्यांचा आवाज उरला तो एवढाच.

वाद जिंकावा म्हणून मी या यंत्रांचा इतिहास वाचायला घेतला आणि माझीच पंचाईत झाली.

गोष्ट सुरू होते १८८१ साली, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात. क्लेमाँ आदेर या अभियंत्यानं ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि तारा प्रदर्शनापर्यंत नेल्या. ऐकणाऱ्यानं दोन कानांना दोन श्रवणयंत्रं लावली की गायक रंगमंचावर डावी-उजवीकडे चालतो आहे, हेही कळे. लोकांना नवल वाटलं, पण पुढची पन्नास वर्षं ग्रामोफोन आणि रेडिओ एकाच तोंडानं बोलत राहिले.

मग आला अ‍ॅलन ब्लमलाइन, ईएमआय कंपनीतला तरुण इंग्रज अभियंता. असं सांगतात, की सिनेमा पाहताना त्याला एक गोष्ट खटकली. नट पडद्याच्या एका कडेला, आवाज भलतीकडूनच! १९३१च्या डिसेंबरात, वयाच्या २८व्या वर्षी, त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरायची युक्तीही त्यात होती. १९४२ साली रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला. स्टिरिओ तबकड्या १९५८ साली घरोघर जाऊ लागल्या, त्या याच युक्तीवर. त्या पाहायला तो नव्हता.

माझी पंचाईत इथंच झाली. ज्या स्टिरिओची मी संगीताच्या नावानं तरफदारी करत होतो, तो सुचला सिनेमाच्या खुर्चीत. म्हणजे आमचं भांडण एकाच घरातल्या दोन भावांचं होतं.

धाकटा भाऊ सिनेमाकडेच राहिला. १९४० साली डिस्नेनं ‘फँटेशिया’साठी प्रेक्षागृहात चहूकडून आवाज आणला, पण ती यंत्रणा इतकी महाग की मोजक्याच थिएटरांत लागली. सत्तरच्या दशकात घरासाठी चार पेट्यांचं ‘क्वाड्रफोनिक’ निघालं. कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळेनात आणि ते बुडालं. सिनेमा मात्र थांबला नाही. आपल्याकडे १९७५चा ‘शोले’ ७० एमएममध्ये पाहिलेले लोक सांगतात, की पडद्यावर नाणं पडलं की माणसं खुर्चीखाली वाकून बघत! १९७७च्या ‘स्टार वॉर्स’नं डॉल्बी स्टिरिओ जगभर नेला. १९९२ साली डॉल्बी डिजिटल आलं आणि पुढं डीव्हीडीबरोबर ‘५.१’ घरात शिरलं. पाच पेट्या, वर एक केवळ घुमणाऱ्या खर्जासाठी.

आता व्यवहाराचं बोलतो. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सगळा पैसा दोनच वाटांवर खर्च होतो. रिसीव्हरमध्ये त्याच पैशात पाच-सात अ‍ॅम्प्लिफायर, आवाज उलगडणारी यंत्रणा, टीव्हीच्या जोडण्या, सगळं एकाच पेटाऱ्यात कोंबायचं असतं. वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर बहुधा सगळ्यांत मिळून एकच. डब्यावर शंभर वॉट छापलेले असले, तरी ते पुष्कळदा दोनच वाटा चालू ठेवून मोजलेले असतात. एवढं दुकानदाराला विचारून घ्यावं. आणि स्वतःला विचारावं, की आपण घरात जास्त काय करतो, ऐकतो की बघतो?

आम्ही दुकानात गेलो. मुलानं अब्बांची कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती. त्यानं रिसीव्हरवर ती लावली आणि ऐटीत ‘हॉल’चं बटण दाबलं. सहा पेट्यांतून अब्बा घुमू लागले. स्टेशनावर गाडीची घोषणा व्हावी तसे! मला ऐकवेना. माझा चेहरा पाहून त्यानं दुसरं बटण दाबलं, ‘डायरेक्ट’. चार पेट्या गप्प झाल्या. समोरच्या दोघींतून सारखाच आवाज येऊ लागला, आणि अब्बा त्या दोघींच्या मधोमध येऊन बसले. तिथं एकही पेटी नव्हती. नुसती भिंत होती. दोन्ही कानांना सारखंच मिळालं की मन आवाजाला मधे बसवतं, हे मी वाचलं होतं. अनुभवलं तेव्हा. मागे अम्मीचं पातेलं वाजलं, तसा मुलगा म्हणाला, “हे तर आपलं जुनं स्वयंपाकघर!” ते त्यानं कधी पाहिलेलंही नाही.

शेवटी रिसीव्हरच घेतला. पेट्या मात्र दोनच, पण चांगल्या. उरलेल्या चार पुढच्या बोनसला. सिनेमातला पाऊस तोवर पडद्यावरच पडतो आहे. अभंग मात्र रोज रात्री समोर बसून ऐकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)