लक्ष्मी दरवाजाबाहेरील तलाव

झाशीचे नाव निघताच आपणां मराठी मंडळींचे लक्ष किल्ल्याकडे जाते. लक्ष्मी दरवाजाबाहेरील तलावाकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः नेवाळकरांचा जिव्हाळा तेथेच अधिक आढळतो. तलावानजीक त्यांच्या कुलस्वामिनी महालक्ष्मीचे मंदिर आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात निवर्तलेल्या गंगाधररावांची, राणीने बांधविलेली छत्रीही जवळच आहे. राणीच्या देवदर्शनाचे वर्णन विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये केले आहे.

१८५४ मध्ये कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि पुढे मंदिराच्या खर्चासाठी नेमलेली गावेही काढून घेतली. राणीची हरकत व्यर्थ गेली. देवस्थानाचा आधार तुटला.

तलावाचे दुखणे मात्र अलीकडचे. शहर वाढले, तसे उतारावरील नाल्यांतून पावसाच्या पाण्याबरोबर सांडपाणीही तलावात येऊ लागले. अशा पाण्यात जलपर्णी फोफावते, आणि ती कुजली की पाण्यातील प्राणवायू घटतो. म्हणून नुसता काठ झाडून भागत नाही. घाण वरच्या अंगासच अडवावी लागते. जागरूक नागरिकांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला, तो याच कारणाने.

एके काळी तलावाकाठच्या देवालयाची तरतूद दरबार करी; आज तलावाची काळजी वाहणारे झाशीचे सामान्य रहिवासी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची मातृभाषा मराठी नव्हे. आपल्यापैकी ज्यांची तिकडे बदली होईल, त्यांनी छत्रीपुढे मस्तक नमवावेच. परंतु त्या रहिवाशांच्या अर्जावर आपलीही सही करावी, असे आम्हांस वाटते.