दात काढल्यानंतरचे पाच दिवस : सुश्रुत ते मिरज

१/ सातारा-सांगलीच्या आठवडी बाजारात एके काळी दात उपटून देणारा वैदू हमखास भेटे. दात क्षणात निघे, खरी कसोटी नंतर लागे. त्या रिकाम्या खाचेत पुढचे पाच दिवस काय घडते, हे समजायला माणसाला दोन हजार वर्षे लागली. 🧵

२/ सुश्रुतसंहितेत दातांसाठी ‘दंतशंकू’ नावाचे शस्त्र आहे. हलणारा दात काढून ती जागा डागावी, असेही सांगितले आहे. वरचा दात मात्र हलत असला तरी काढू नये, असा इशारा आहे. कारण म्हणून अतिरक्तस्राव आणि त्यातून येणारे अंधत्व व अर्दित, म्हणजे तोंड वाकडे होणे, ही संकटे दिली आहेत.

३/ कारणमीमांसा आजच्या शास्त्राला पूर्णपणे मान्य नाही, पण निरीक्षण गंभीर होते. दात काढणे ही किरकोळ बाब नव्हे आणि धोका नंतर येतो, हे त्या वैद्यांनी ओळखले होते.

४/ १८३६ मध्ये जर्मन वैद्य लुडविग यांनी जिभेखाली व हनुवटीखाली पसरणाऱ्या जीवघेण्या सुजेचे वर्णन केले. तिचे मूळ बहुधा खालच्या दाढेत असते. सूज श्वासमार्ग दाबते. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावत.

५/ १८६७ मध्ये लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली. १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांचा तोंडातील सूक्ष्मजीवांवरील ग्रंथ आला. तोंड जंतूंनी भरलेले असते, हे आता शास्त्राच्या पानावर आले.

६/ नेमक्या याच सुमारास, १८८९ मध्ये, कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस सांगली भागात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले. रेल्वे जंक्शनमुळे दूरदूरचे रुग्ण तेथे पोहोचत. निर्जंतुक शस्त्रक्रियेच्या तत्त्वांवर घडलेली ही पिढी होती. कृष्णाकाठी ती विद्या दवाखान्याच्या रूपाने आली.

७/ १८९६ मध्ये क्रॉफर्ड यांनी ‘ड्राय सॉकेट’चे वर्णन केले. दात निघाल्यावर खाचेत रक्ताची गुठळी बसते. हाडाचे नैसर्गिक झाकण तीच. ती निसटली की हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते.

८/ म्हणून पहिले चोवीस तास थुंकणे, जोराने चूळ भरणे, नळीने पेय ओढणे आणि धूम्रपान टाळावे. नंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. पश्चिम महाराष्ट्रात हिरड्यांना मिश्री चोळण्याची सवय जुनी आहे, पण तंबाखू जखम भरणे लांबवतो. ती खाचेजवळ जाता कामा नये.

९/ ड्राय सॉकेट आणि संसर्ग एक नव्हेत. पहिल्यात वेदना असते, पण सूज वा ताप बहुधा नसतो. संसर्गात तिसऱ्या दिवसानंतर सूज ओसरण्याऐवजी वाढते, पू दिसतो, ताप येतो. यांपैकी काहीही दिसल्यास दंतवैद्यांना गाठावे. तोंड उघडेना, गिळता येईना वा श्वास अडखळू लागला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. लुडविग यांनी वर्णिलेली सूज हीच.

१०/ १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि हे औषध देशातच तयार होऊ लागले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांच्या नोंदणीची चौकट आधीच घातली होती. उपटणारा हात कोणाचा असावा, हे आता कायदा सांगू लागला.

११/ तरीही औषध गुठळीची जागा घेत नाही. प्रत्येक दात काढल्यावर प्रतिजैविक लागतेच असे नाही. ते वैद्याने ठरवावे आणि दिल्यास पूर्ण घ्यावे. अर्धवट सोडलेल्या व अनावश्यक गोळ्यांनी जंतूंना प्रतिकार शिकवला, तर पुन्हा १८३६ च्याच दारात उभे राहावे लागेल.

१२/ दंतशंकूपासून पेनिसिलीनपर्यंतच्या या प्रवासात साधने बदलली. वैदूचा बाजार गेला, दंत महाविद्यालये आली. खाचेतली गुठळी मात्र सुश्रुताच्या काळी होती तशीच आहे, आणि पाच दिवस तिच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आजही रुग्णाचेच आहे.