हुराई आणि शनिवार तेली

इथे ऑकलंडला, हिल्सबरोत, माओरी इतिहास वाचताना आपलं कोकण आठवलं. १८३०च्या दशकात न्यूझीलंडच्या उत्तरेला पापाहुरिहिया नावाच्या माओरी धर्मपुरुषाचे अनुयायी स्वतःला 'हुराई', म्हणजे ज्यू, म्हणवत आणि शनिवार पाळत. त्यांना ज्यू सापडले ते मिशनऱ्यांच्या बायबलात.

आपल्या बेने इस्रायलांचं नेमकं उलट. परंपरा सांगते, अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या बुडाल्या. उरली 'शेमा' प्रार्थना, सुंता आणि शनिवारची सुट्टी. घाणा चालवणारे हे लोक म्हणून 'शनिवार तेली'.

तरीही इस्रायलमध्ये लग्नासाठी रब्बींनी त्यांची वंशावळ तपासायला घेतली! आंदोलनानंतर १९६४मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानलं. २०१६च्या जनुकीय अभ्यासात ज्यू आणि भारतीय, दोन्ही पूर्वज दिसले. घाण्यावरच्या शनिवारने मात्र हे कधीच सांगितलं होतं.