खानेसुमारीत पूर्वजांचा शोध : आकडा सापडतो, नाव मात्र गावाच्या दप्तरात

पिशोर (ता. कन्नड) : पणजोबांचे नाव काय, ते मूळचे कोणत्या गावचे, सरकारदरबारी त्यांची जात काय लिहिली होती, हे प्रश्न एकेकाळी सोयरीक जुळविताना किंवा तीर्थक्षेत्री विधी करतानाच विचारले जात. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षण आंदोलनानंतर मात्र निजामकालीन नोंदी हा मराठवाड्यात घरोघरचा विषय झाला. पिशोरसारख्या गावांतून शहरांत स्थायिक झालेली कुटुंबेही जुन्या कागदांच्या शोधात गावाकडे वळू लागली. या शोधात अनेकांची पहिली समजूत अशी असते, की जुन्या खानेसुमारीत आपल्या पूर्वजांचे नाव सापडेल. ही समजूत बहुतांशी चुकीची आहे.

खानेसुमारीत काय मिळते?

पिशोर हे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबर या संस्थानात १८८१ मध्ये खानेसुमारी झाली आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी ती होत राहिली. १९०१ च्या गणनेत प्रत्येक व्यक्तीचे नाव, धर्म, जात, वय, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, जन्मस्थान, भाषा आणि साक्षरता यांची नोंद गणकाने पत्रकात केली होती. पत्रकांवरून चिठ्ठ्या तयार झाल्या, चिठ्ठ्यांची मोजदाद होऊन तक्ते छापण्यात आले. काम संपल्यावर मूळ पत्रके जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे आज हाती येतात ते छापील अहवाल व तक्ते. त्यांत जातवार, धर्मवार, जिल्हावार संख्या आहे. व्यक्तीचे नाव नाही.

इंग्लंडमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तेथे घरोघरची पत्रके जतन केली जातात आणि शंभर वर्षांनंतर खुली होतात. १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. परदेशातील मराठी कुटुंबांना तेथील शेजारी खानेसुमारीतून वंशावळ काढताना दिसतात आणि भारतातही तसेच असावे, असे वाटते. भारतात मात्र १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार गणनेची मूळ कागदपत्रे पाहण्यास खुली नाहीत.

मग तिचा उपयोग काय?

अहवालांचा उपयोग कौटुंबिक आठवणींची पडताळणी करण्यासाठी होतो. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये १ कोटी १५ लाख ३७ हजार होती. १९०१ मध्ये ती १ कोटी ११ लाख ४१ हजारांवर आली. मधल्या काळात, १८९९-१९०० साली, मोठा दुष्काळ पडला होता. 'दुष्काळात आमचे घराणे घाट उतरून गेले' अशी आठवण घरात असेल, तर या आकड्यांमुळे तिचा काळ अंदाजाने ठरविता येतो. १९०१ चा अहवाल मिर्झा मेहदी खान यांनी तयार केला. संस्थानाचे गॅझेटियर, म्हणजे जिल्हावार माहितीचे संकलन, त्यांच्याच नावे १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सध्या चर्चेत असलेल्या 'हैदराबाद गॅझेटिअर'चा विषयही येथेच येतो. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने त्यासंबंधीचा निर्णय काढला आणि अर्जांच्या चौकशीसाठी गावपातळीवर समितीची तरतूद केली. गॅझेटियरमधील आकडे समाजाविषयी सांगतात. अमुक व्यक्ती अमुक कुटुंबातील होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी गावाचे दप्तरच उघडावे लागते.

नाव कोठे सापडते?

सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामकाजातून कोणती कागदपत्रे तपासावीत, याची यादीच पुढे आली. शोध घेणाऱ्या कोणत्याही जातीच्या कुटुंबाला ती उपयोगी पडते. तिच्यातील प्रमुख कागदपत्रे अशी :

- शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही व जनरल रजिस्टर
- जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४
- खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही व हक्क नोंद पत्रक
- भूमी अभिलेख खात्यातील पक्काबुक, शेतवार पत्रक व प्रतिबुके
- खरेदीखत, बटाईपत्रक, दत्तकपत्र, मृत्युपत्र आदी नोंदणीकृत दस्त
- नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, १९५१

यांतील शेवटची नोंदवही विशेष महत्त्वाची आहे. ती १९५१ च्या जनगणनेतील माहितीवरून गाववार तयार करण्यात आली. जनगणनेतून उतरलेली आणि तरीही कुटुंबातील माणसांची नावे सांगणारी नोंद हवी असेल, तर ती येथेच मिळण्याचा संभव असतो.

शोधाचा क्रम

शोध आजकडून मागे न्यावा. प्रथम घरातील वृद्धांना विचारून तीन पिढ्यांची नावे, आडनावातील बदल आणि शेताचा सर्व्हे क्रमांक लिहून घ्यावा. नंतर आजोबांच्या शाळेतील नोंद, त्यानंतर जन्म-मृत्यूची नोंद, १९५१ ची नोंदवही आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक पाहावे. तेथून निजामकालीन कागदांकडे जावे. तहसील व भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल मागण्यासाठी अर्ज करता येतो. समितीच्या शोधात आढळलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही ठेवण्यात आल्या आहेत. निजाम सरकारचे वरिष्ठ दप्तर हैदराबादेत तारनाका येथील तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात आहे.

कन्नड तालुक्यातील कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औट्रम घाटाखालचे चाळीसगाव खानदेशात, म्हणजे इंग्रजी अमलात होते. घाटाच्या वर निजामाचे दप्तर, खाली मुंबई इलाख्याचे. पूर्वज खालून वर आले असतील, तर त्यांची जुनी नोंद वरच्या दप्तरात कितीही शोधली तरी मिळणार नाही.

लिपी, सन आणि नावे

निजामाच्या कचेऱ्यांत १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवरील कागद मोडीतही आढळतात. म्हणून मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची मदत लागते. तारखा फसली सनात असतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील तारखेसाठी फसली सनात ५९० मिळवावेत, जानेवारी ते सप्टेंबरसाठी ५९१. उदाहरणार्थ, १३४० फसली म्हणजे ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१.

जुन्या नोंदीत आडनाव नसणे ही नेहमीची बाब आहे. 'अमुक वल्द तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढेच लिहिलेले असते. एकाच गावात एकाच नावाचे अनेक जण असल्याने केवळ नाव जुळले म्हणून पूर्वज सापडला, असे मानू नये. वडिलांचे नाव, सर्व्हे क्रमांक आणि काळ हे तिन्ही जुळले पाहिजे. स्त्रियांची नावे जमिनीच्या कागदांत क्वचितच येतात. त्यांच्यासाठी दत्तकपत्रे, मृत्युपत्रे तसेच पैठण, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात.

दाखल्यासाठी एवढे पुरे नाही

इतर मागासवर्गाच्या जात दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. जुनी नोंद सापडली, तरी तीत नाव असलेल्या व्यक्तीपासून अर्जदारापर्यंतची वंशावळ कागदोपत्री जोडावी लागते आणि पडताळणी समितीसमोर ती टिकावी लागते. मधली एक पिढी सुटली, तर पुढचा सारा शोध अडतो.

दप्तरातील कागद जीर्ण होत आहेत, तर मधली पिढी जोडून देणारी वृद्ध माणसे कमी होत आहेत. दोहोंपैकी कागदाची नक्कल उद्याही मागता येईल. घरातील वृद्धांच्या तोंडून नावे लिहून घेण्याचे काम मात्र आजच करावे लागेल.