टंकबद्ध मराठी : संगणकीय लेखनाच्या स्थलांतराचा प्रश्न

वाशीम येथे १९३९ साली उपलब्ध झालेला वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट भाषेतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून राज्यवर्ष ३७ मध्ये दिलेल्या या दानपत्रातील वंशावळ संस्कृतात, तर दानविषयक मजकूर मुख्यतः प्राकृतात आहे. भाषा दोन असल्या तरी लिपी एकच होती, आणि तिचे संकेत कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. सुमारे सोळा शतकांनंतर तो मजकूर वाचता आला, यामागील एक कारण हे होय.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या वेळची स्थिती याच्या उलट होती. तेव्हा संगणकावरील मराठी लेखन बहुतांशी निरनिराळ्या कंपन्यांच्या खाजगी टंकांवर, अर्थात फॉन्टांवर, अवलंबून होते. एका टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडला असता इंग्रजी अक्षरांची निरर्थक मालिका दिसे. वरच्या १२८ क्रमांकांचे वाटप विंडोज व मॅकिंटॉश या प्रणालींत भिन्न असल्याने, त्यांच्यात मजकूर नेताना आणखी गोंधळ होई.

सार्वजनिक प्रमाणके त्या काळी अस्तित्वात नव्हती असे मात्र नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये सिद्ध झाला. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ साली भारतीय मानक १३१९४ म्हणून स्वीकारले गेले. आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. तथापि विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली. मधल्या काळात छपाई आणि कार्यालयीन कामकाज यांची गरज खाजगी टंकांनीच भागविली, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही.

दोष संकेताच्या तत्त्वात होता. इस्की व युनिकोड यांत क्रमांक वर्णास दिला जातो. खाजगी टंकांत तो आकृतीस दिला जाई. कृतिदेव टंकात ‘ख’ हे अक्षर अर्धा ख आणि काना अशा दोन खुणांनी बनते. ‘खा’ लिहिताना तोच काना दोनदा येतो, परंतु पहिला अक्षराचा अवयव असतो आणि दुसरा स्वराचे चिन्ह. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनापूर्वी, तर रफार नंतर नोंदविला जातो. म्हणजे उच्चारक्रम मजकुरात नोंदलाच जात नाही. तो वाचकाच्या डोळ्यांवर सोपविलेला असतो. यास्तव अशा मजकुराचे युनिकोडात रूपांतर करणे हे केवळ यांत्रिक काम नसून पाठसंपादनाच्या जवळ जाणारे काम आहे.

याचा कस मराठीच्या खास रूपांवर लागतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांचा’ आणि ‘आचाऱ्यांचा’ यांतील अर्थभेदही तसाच. हिंदीच्या गरजा समोर ठेवून केलेल्या रूपांतरकात हा भेद सहज लोपू शकतो. युनिकोडातही हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे नोंदविता येतो. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी तो अ आणि चंद्र जोडून लिहिला जाई. परिणामी डोळ्यांस एकच दिसणारा शब्द शोध घेताना सापडतोच असे नाही.

तात्पर्य, लेखनाचे आयुष्य ते ज्या साधनावर झाले त्याच्या टिकाऊपणापेक्षा त्याचे संकेत सर्वांस ज्ञात असण्यावर अधिक अवलंबून असते. वाशीमसारख्या नव्या जिल्ह्याच्या आरंभीच्या वर्षांतील संगणकीय मजकूर उद्याच्या इतिहासकारासाठी राखावयाचा, तर रूपांतरित प्रतीसोबत मूळ धारिका, तिच्या टंकाचे नाव आणि त्या टंकाचा संकेततक्ता हेही जतन केले पाहिजेत. ताम्रपट निदान डोळ्यांनी पाहता येतो. संकेत हरवलेल्या धारिकेत तेवढाही आधार उरत नाही.