भंडारा जिल्ह्यातील पायरस्ते: मुरमापासून गट्टूपर्यंत

भंडारा जिल्ह्यात सिमेंटचा पायरस्ता किती वर्षे टिकेल, हे सिमेंटपेक्षा त्याखालच्या मातीवर अधिक ठरते. इथल्या शेतकऱ्यांनी त्या मातीचे प्रकार फार पूर्वीच पाडून ठेवले आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. काळी कन्हार पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. पिवळसर, रेताड सिहार धानाला मानवते. पण तिच्यात पाणी मुरले की ती वजन पेलत नाही. बरडी शेतीला हलकी, तरी रस्त्याला सगळ्यांत उपयोगी; कारण ती मुरमाड असते आणि पाणी धरून ठेवत नाही. त्यात जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत पडून जाणारा, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास.

या भागाचे जुने स्थापत्य पाणी अडवण्याचे. कोहळी समाजाने बांधलेले आणि आज माजी मालगुजारी म्हणून ओळखले जाणारे तलाव, बोड्या (लहान तळी) आणि धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) यांनी सारा मुलूख व्यापलेला होता. पावसाळ्यात चालायला कोरडी जागा म्हणजे तलावाची पाळ नाही तर बांधीचा धुरा. पाळीची माती पाणी रोखण्यासाठी चोपलेली असे. पायरस्त्याचे काम नेमके उलटे, पाणी लवकर बाजूला काढण्याचे. हे दुसरे कसब जिल्ह्यात उशिरा आले आणि अजूनही पुरते रुजलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात नागपूरहून भंडारा, साकोलीमार्गे रायपूरला जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड तयार झाला. १८६७ मध्ये भंडारा, पवनी आणि तुमसर इथे नगरपालिका आल्या. त्या काळातला पक्का रस्ता म्हणजे गिट्टी पसरायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचे आणि दुरमुसाने ठोकायचे. दख्खनचा काळा पाषाण नागपूरच्या आसपास संपतो. त्याच्या पूर्वेला भंडाऱ्यात जुने स्फटिकमय खडक लागतात, म्हणून गिट्टीही त्यांचीच. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखण्याची कल्पना मात्र नव्हती. बैलगाडी, गुरे आणि माणसे एकाच पट्ट्यातून जात.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, भंडारा ज्या मध्य प्रांतात मोडत होता त्याच प्रांतातल्या कटनीला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे सिमेंट तसे दूर नव्हते. पण ते पूल आणि सरकारी इमारतींना जाई. १९४३ मध्ये नागपुरात देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिथे ठरलेली योजना ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिने राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंत रस्त्यांची प्रतवारी लावली. पादचाऱ्याच्या वाटेला त्या प्रतवारीत स्थान नव्हते. पुढे १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून गावोगाव जे रस्ते झाले, तेही माती-मुरमाचेच.

गल्लीबोळांत सिमेंट शिरले त्याची कारणे तंत्रापेक्षा बाजाराची आणि राजकारणाची आहेत. सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. दरम्यान शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने वाढले. १९९३ पासून खासदार निधी मिळू लागला, पंचायतींच्या हाती योजनांचा पैसा आला. शंभर-दीडशे मीटरची सिमेंट गल्ली लहान रकमेत बसते, महिनाभरात दिसू लागते आणि तिच्या तोंडाशी नावाची पाटी लावता येते. नालीचे काम तितके दिसत नाही, म्हणून ते मागे पडले.

नाली नसलेल्या गल्लीत काय होते ते कोणत्याही जुन्या गावठाणात पाहता येते. जुना थर न काढता त्यावर नवा थर ओतला जातो. असे दोन-तीनदा झाले की गल्ली घराच्या उंबऱ्याच्या वर जाते. ओट्याच्या पायऱ्या एकेक करून बुजतात, आणि पूर्वी दारावरून वाहून जाणारे पाणी आता दारातून आत येते. घरमालक मग उंबऱ्यापुढे विटांचा बुटका बांध घालतो.

चांगल्या कामाची रीत अवघड नाही. कन्हार असेल तर ती खोदून काढायची, तिच्या जागी मुरूम भरून थराथराने दाबायचा, आणि वर नालीच्या दिशेने उतार देऊन काँक्रीट ओतायचे. वैनगंगा, सूर, बावनथडी, चुलबंद अशा नद्या असल्याने जिल्ह्यात रेतीचा तुटवडा नाही; पण गाळमिश्रित रेतीने काँक्रीट कमजोर होते. ठरावीक अंतरावर सांधे कापले नाहीत तर भेग आपला मार्ग स्वतः शोधते. खरी परीक्षा ओतलेल्या काँक्रीटला पाणी देत राहण्याची. मार्च ते मे हा कामाचा हंगाम आणि तोच कडक उन्हाचा. वर मातीचे बुटके बांध घालून बांधीसारखे पाणी साठवायचे किंवा ओली पोती अंथरायची, हे किमान चौदा दिवस चालले पाहिजे. ते चौथ्या दिवशीच थांबले, की पहिल्या पावसाळ्यातच वरचा पापुद्रा सुटून गिट्टी उघडी पडते.

गेल्या दोन दशकांत गट्टू आले. काँक्रीटचे हे ठोकळे दुसऱ्या महायुद्धानंतर विटांच्या टंचाईतून नेदरलँड्समध्ये रूढ झाले. भारतात त्यांचे मानक २००६ मध्ये ठरले. त्यानुसार निव्वळ पादचाऱ्यांसाठी ५० मिलिमीटर, हलक्या वाहनांसाठी ६० आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटर जाडी लागते. गावात हा हिशेब चुकतो, कारण पादचाऱ्यांसाठी म्हणून बसवलेल्या पट्टीवरून धानाने भरलेला ट्रॅक्टर जातो. गट्टूंखाली रेतीचा पातळ थर असतो आणि कडेला पक्की कड नसेल तर पाण्याबरोबर तो निसटतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराचा मोठा भाग बुडवला होता. अशा पूरपट्ट्यात कडेचे काँक्रीट गट्टूइतकेच महत्त्वाचे.

दुरुस्तीत मात्र गट्टू सरस ठरतात. २०१९ नंतर जलजीवन मिशनच्या नळांसाठी गावोगाव गल्ल्या खोदल्या गेल्या. सलग सिमेंटमध्ये तो चर भरून काढला तरी जोड उघडाच राहतो. नीट करायचे तर सांध्यापासून सांध्यापर्यंत अख्खा तुकडा कापून काढावा लागतो, खालचा मुरूम पुन्हा दाबावा लागतो आणि मगच नवे काँक्रीट ओतावे लागते. गट्टू उचलून, रेती सारखी करून तेच परत बसवता येतात. नवी गल्ली बांधताना आडवे रिकामे पाइप आधीच पुरून ठेवले, तर पुढच्या खोदाईची गरज बरीच कमी होते.

पादचाऱ्याच्या वाटेला आता निकषांत स्थान आहे: शहरी पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शक निकष २०१२ पासून सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमणमुक्त पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालील हक्काचाच भाग मानला.