कात्रीतून सुटलेली चाळीस मिनिटं

दार जड आहे, खांद्याने ढकला. जमिनीवर केबलींचं जाळं पसरलंय, त्यावर पाय पडू देऊ नका. भिंतीच्या कडेकडेने जा आणि टिंपनीच्या मागे उभे राहा. तिथे तुम्हाला कुणी हटकणार नाही. तालवाद्यवाल्यांच्या आसपास नेहमीच चार जास्तीची माणसं असतात.

साल १९८६. लंडनच्या सेंट जॉन्स वूड भागातला ॲबी रोड, स्टुडिओ क्रमांक एक. बीटल्सचा तो प्रसिद्ध फोटो जिथे निघाला, ते झेब्रा क्रॉसिंग तुम्ही आत्ताच ओलांडून आलात. बीटल्सचं बहुतेक काम झालं ते पलीकडच्या दोन नंबरच्या स्टुडिओत. ही खोली त्याहून कितीतरी मोठी, छत देवळाच्या सभामंडपासारखं उंच. समोर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा सूर जुळवत बसलाय. १२ नोव्हेंबर १९३१ ला हा स्टुडिओ सुरू झाला तेव्हा याच ऑर्केस्ट्रापुढे सर एडवर्ड एल्गार काठी घेऊन उभे होते, आणि इंग्लंडच्या वैभवाचं ते सुप्रसिद्ध संचलन याच भिंतींवर आदळलं होतं. आज त्याच भिंतींवर ॲसिडचं रक्त असलेले परग्रहावरचे प्राणी चढणार आहेत. एल्गारना ते कसं वाटलं असतं कोण जाणे. वादकांना मात्र त्याचं काही विशेष वाटत नाही. एक जण शेवटचा घोट घेऊन चहाचा कप खुर्चीखाली सरकवतो, दुसरा वर्तमानपत्राची घडी घालतो.

चौथऱ्यावर उभा आहे तो जेम्स हॉर्नर. वय ३२. अमेरिकन खरा, पण रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला, त्यामुळे लंडन त्याला परकं नाही. डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ‘एलियन्स’ हा चित्रपट हातात तयार मिळेल आणि संगीत लिहायला सहा आठवडे मिळतील, अशा हिशोबाने तो आला होता. येऊन बघतो तर चित्रीकरणच संपलेलं नाही. मांडव उभा राहायच्या आत वाजंत्री दारात येऊन बसावेत, तशी गत. त्याने मुदत मागितली. पण प्रदर्शनाची तारीख ठरलेली आणि ती हलेना. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन आणि निर्माती गेल ॲन हर्ड यांच्याही मानेवर तेच जोखड होतं.

तिघं एकमेकांना अनोळखी नव्हते. १९८० च्या ‘बॅटल बियाँड द स्टार्स’ या चित्रपटात रॉजर कॉर्मनच्या हाताखाली तिघांनीही काम केलं होतं. कमी पैशात आणि कमी दिवसांत चित्रपट उरकायचा, हे त्या शाळेचं शिक्षण. मला वाटतं, हॉर्नर आणि कॅमेरॉन यांच्या पुढच्या भांडणाचं बी तिथेच पडलं. माणूस कमी वेळात काम करून दाखवतो, हे एकदा दिसलं की पुढे त्याला वेळ कमीच मिळतो.

आता पडद्याकडे बघा. वादकांच्या पाठीमागे चित्रपटाचा तुकडा दाखवला जातोय. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एका ठोक्याला १२ चौकटी. संगीतकार रात्री कागदावर हाच हिशोब मांडतो : अमक्या चौकटीला दार उघडतं, तिथे ट्रॉम्बोन, तमक्या चौकटीला मुलगी किंचाळते, तिथे सगळं थांबवा. आणि मग संकलनाच्या खोलीत कुणीतरी त्यातली दहा सेकंदं कापतं. म्हणजे वीस ठोके गेले. ट्रॉम्बोन आता दार उघडल्यावर नाही, रिकाम्या भिंतीवर वाजतो. हॉर्नर लिहीत असताना चित्रपट असाच रोज त्याच्या पायाखालून सरकत होता. नायिका रिप्ली आणि त्या प्राण्यांची राणी यांच्या शेवटच्या झुंजीचं संगीत त्याला पुन्हा, तेही एका रात्रीत लिहावं लागलं.

ध्वनिमुद्रणाला दिवस जेमतेम चार. पानं वादकांपुढे पडतात, ते एकदा नजर फिरवतात आणि वाजवतात. पूर्वतयारी कसली नि काय! लंडनचे हे वादक त्यासाठीच नावाजलेले.

काठी वर गेली. श्वास धरा.

पहिल्यांदा तुम्हाला फक्त पोकळी ऐकू येते. उंच स्वरात व्हायोलिनं, पुसटशी; मग एक एकाकी, दुखरी सुरावट. अवकाशात भरकटलेल्या छोट्या यानात रिप्ली ५७ वर्षं झोपून आहे, तिला अजून कुणी शोधलेलं नाही. ही सुरावट ओळखीची वाटते? वाटणारच. आराम खाचातुरियानच्या ‘गायाने’ बॅलेतल्या संथ भागाची सावली तिच्यावर स्पष्ट आहे, आणि तोच भाग स्टॅनली कुब्रिकने ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये अवकाशातल्या एकटेपणासाठी वापरला होता. हॉर्नरवर उसनवारीचा आरोप आयुष्यभर होत राहिला, आणि तो सगळाच खोटा नव्हता. ‘स्टार ट्रेक’साठी त्याने आधी लिहिलेल्या संगीताचे नातलगही या खोलीत तुम्हाला भेटतील. पण ‘२००१’चा संकलक होता रे लव्हजॉय, आणि ‘एलियन्स’चा संकलकही तोच. कुब्रिकने ॲलेक्स नॉर्थकडून खास लिहवून घेतलेलं संगीत बाजूला ठेवलं आणि तयार ध्वनिमुद्रिका वापरल्या, तो चित्रपट कापणारे हात हेच. हॉर्नरच्या संगीताचं पुढे काय होणार आहे, याची चाहूल तुम्हाला इथेच लागायला हवी.

शिवाय या घराण्याची रीतच तशी. १९७९ च्या पहिल्या ‘एलियन’ला जेरी गोल्डस्मिथने संगीत दिलं होतं. त्यातले भाग काढून त्या जागी त्याच्याच १९६२ च्या ‘फ्रॉइड’मधले तुकडे चिकटवले गेले, आणि शेवटाला हॉवर्ड हॅन्सनची सिम्फनी. सासूने जे सोसलं ते सुनेच्या वाट्याला येणार, हे ठरलेलंच.

तुमच्या कानांशी आता स्नेअर ड्रम कडाडतोय. पडद्यावरचे मरीन सैनिक निघालेत. या चित्रपटाच्या नावात एका प्राण्याचे अनेक झाले आणि भयपटाची युद्धकथा झाली. हॉर्नरने ते नेमकं पकडलंय. पहिल्या चित्रपटात गोल्डस्मिथचं संगीत अंधारात दबा धरून बसायचं, हे संगीत कवायत करत येतं. आणि ते इतक्या ऐटीत येतं की या सैनिकांचं काही खरं नाही, हे तुम्हाला त्या ऐटीवरूनच कळतं.

मग तो तुकडा येतो, ‘बिशप्स काउंटडाउन’. पावणेतीन मिनिटांचा. टिंपनीच्या मागे उभं राहायला सांगितलं ते याचसाठी. लोखंडावर लोखंड आपटतंय, खालच्या पट्टीतली पितळी वाद्यं एकमेकांना ढकलत वर चढतायत, प्रत्येक वळणाला वाटतं की आता संपलं, आणि नाही संपत. तुमच्या बरगड्या थरथरतात. हेडफोनवर हा अनुभव येत नाही. खोलीतली हवाच ढकलली जावी लागते. शेवटचा स्वर छतात विरेपर्यंत कुणी हलत नाही, कारण माइक अजून चालू आहे. मग पानं उलटल्याचा आवाज. पुढचा तुकडा.

इथून बाहेर पडा, थेट १८ जुलै १९८६ वर या. अमेरिकेतलं कुठलंही चित्रपटगृह घ्या. लोक खुर्च्यांचे हात घट्ट धरून बसलेत, आणि तुम्हीच एकटे अस्वस्थ. खोलीत ऐकलेला तुकडा भलत्याच ठिकाणी वाजतो. एक मध्येच तुटतो. एक दोनदा येतो. मध्ये चक्क गोल्डस्मिथ ऐकू येतो, सात वर्षांपूर्वीचा. चित्रपट बिघडलाय का? अजिबात नाही, हे कबूल करायला हवं. कॅमेरॉनची पकड इतकी जबरदस्त आहे की शिवण कुणाला दिसत नाही. पुढच्या वर्षीच्या ऑस्करसाठी या संगीताला नामांकनही मिळालं, हॉर्नरचं पहिलं. पुतळा मात्र ‘राउंड मिडनाइट’साठी हर्बी हॅनकॉकला गेला. हॉर्नर स्वतः म्हणत असे की मनात होतं त्याच्या ऐंशी टक्केच काम झालं. तो ‘द नेम ऑफ द रोज’च्या कामाला लागला, त्याचं आणि कॅमेरॉनचं बोलणं बंद झालं ते ‘टायटॅनिक’पर्यंत.

त्याच वर्षी व्हरेज सराबांद कंपनीची तबकडी बाजारात आली, सुमारे चाळीस मिनिटांची. तिच्यावर सुई टेकवा. ‘फ्यूटाइल एस्केप’ इथे आठ मिनिटं सलग धावतो, कुणी मध्ये बोलत नाही, बंदुका नाहीत. त्या जड दारामागे तुम्ही जे ऐकलंत ते बरंचसं इथे शाबूत आहे. चित्रपटाचं संगीत म्हणून विकलेल्या वस्तूत चित्रपटात न लागलेलं संगीत आहे, ही गंमत त्या कव्हरवर कुठे छापलेली नाही. सगळ्यात शेवटची रचना ‘रिझोल्यूशन अँड हायपरस्पेस’ नीट ऐका. तिच्यातली झडप घालणारी जागा लक्षात ठेवा.

आता शेवटची उडी, जुलै १९८८. पुन्हा अंधार, पुन्हा ‘एलियन्स’चीच चित्रपट कंपनी, ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स. पडद्यावर ‘डाय हार्ड’. नाकातोमी प्लाझाच्या खाली सगळं निवळलंय, लोक मिठ्या मारतायत. मेलेला समजलेला हल्लेखोर कार्ल चादर फेकून बंदूक घेऊन उठतो. आणि ऑर्केस्ट्रा झडप घालतो.

तुम्ही खुर्चीत ताठ होता. ही ती जागा. कॅमेरॉनने न वापरलेली, तात्पुरती म्हणून इथे लावलेली आणि दिग्दर्शक जॉन मॅकटिएर्नन यांना इतकी पटलेली की त्यांनी ती तशीच राहू दिली. चुकून एका मुलाला गोळी घातल्यापासून बंदूक उचलू न शकलेला पोलीस सार्जंट पॉवेल हात वर करतो. कार्ल कोसळतो. संगीतकार म्हणून श्रेयनामावलीत नाव मायकेल केमनचं आहे. टाळ्या पडतायत, शेजारचा माणूस पॉपकॉर्नचा पुडा चुरगाळून उठतोय, आणि तुमच्या बरगड्यांत मात्र ॲबी रोडची ती टिंपनी अजून वाजतेय.